तळमजल्यावरच्या काकांना, आमच्या ड्रायरबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र जाहीर लिहितेय याबद्दल आधी तुमची परवानगी मागायला हवी होती. पण गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तीन घरांनी मला "कपडे वाळवायचा ड्रायर कोणता घेऊ?" असं विचारलं, आणि तिन्ही वेळा मी जे सांगितलं ते शब्दन् शब्द तुमचं होतं. मग ते तुमच्या नावे जमा व्हायला नको का?

मार्चमध्ये आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पक्षाघात झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. दिवसाला चार चादरी, तेवढेच गाऊन, वर दुपटी. उन्हाळाभर गच्चीवरच्या दोरीनं निभावलं. यंदा पाऊस मेअखेरच आला. सिंहगड रोडला एकदा झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! हॉलमध्ये स्टँड, पंख्याखाली खुर्च्यांवर चादरी, आणि घरभर तो कुबट वास. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी बजावलं होतं की पाठीखाली जराही ओल राहता कामा नये, जखमा व्हायला वेळ लागत नाही. एकदा इस्त्रीनं वाळवलेली चादर मी घातली. वरून कोरडी, शिवणीत दमट. दुसऱ्या दिवशी आईंच्या कमरेवर लाल चट्टा दिसला. ती रात्र मी विसरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ड्रायर बघायला गेलो. तिथं दोन प्रकार होते, कंडेन्सर आणि हीट पंप. दुकानातला मुलगा म्हणाला, कंडेन्सर घ्या, हीट पंपवाल्यापेक्षा वीस हजारांनी स्वस्त, आणि लवकरही वाळवतो. पैसे भरायचेच बाकी होते. लिफ्टपाशी तुम्ही भेटलात, सहज विचारलंत, आणि म्हणालात, "एक दिवस थांब. कुठे ठेवणार आणि रोज किती वेळा लावणार, ते आधी बघू."

चाळीस वर्षं फ्रीज-एसीचं काम केलेला माणूस बॅगा मोजायचा काटा घेऊन वर येईल असं वाटलं नव्हतं. तुम्ही कोरड्या चादरी-गाऊनचं गाठोडं बांधून काट्याला अडकवलंत: 4 किलो. धुऊन आमच्या नेहमीच्या, मिनिटाला 800 फेऱ्यांच्या स्पिनवर पिळले, तर 6 किलो 800 ग्रॅम. पुन्हा भिजवून 1200 वर पिळले, तर 6 किलो 200. "हे सहाशे ग्रॅम पाणी वॉशिंग मशीननं जवळजवळ फुकट काढलं. उरलेल्याचे पैसे ड्रायर मागणार." गेली सात वर्षं ते मशीन घरात आहे आणि स्पिनच्या त्या बटणाला मी कधी हात लावला नव्हता.

मग ड्राय बाल्कनीत उभं राहून तुम्ही जे समजावलंत, ते मी आता इतरांना सांगते. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.65 युनिट वीज लागतेच, त्यात सूट नाही. प्रश्न इतकाच, की त्या वाफेतली उष्णता पुढे जाते कुठे. कंडेन्सर ड्रायर हीटरनं हवा तापवतो, ती कपड्यांतून फिरवतो आणि ओली झालेली हवा खोलीतल्या हवेनं गार करून पाणी टाकीत सोडतो. उष्णता सगळी खोलीत. आमची ड्राय बाल्कनी तीन बाय पाच फुटांची, पावसात खिडकी बंद. तिथली हवा तापली की तीच हवा मशीन गार व्हायला घेणार, मग पाणी नीट सुटणार कसं? हीट पंपात कॉम्प्रेसर असतो, आपल्या एसीसारखा. गार कॉइलवर वाफेचं पाणी होतं आणि त्यातून मिळालेली उष्णता दुसऱ्या कॉइलवरून परत त्याच हवेला. "एसीच्या पाइपातून पाणी ठिबकतं ना, तसंच. फक्त बाहेर फेकलेली गरम हवा इथं आतच कामाला लावलीय." माझा मुलगा बारावीला आहे, त्याला ते पुस्तकात कळलं नव्हतं, तिथं कळलं.

हिशेबही तुम्हीच मांडलात, महावितरणच्या बिलाच्या पाठीवर. 8 किलोच्या पूर्ण भराला कंडेन्सर चार-पाच युनिट घेतो, हीट पंप दीड-दोन. आमचे रोजचे दोन अर्धे भर धरले तर दिवसाला तीन युनिटांचा फरक, महिन्याला नव्वद. आमचं बिल आधीच अडीचशे युनिटांच्या घरात, म्हणजे ड्रायरनं तीनशे ओलांडले की वरच्या युनिटांना चढा दर. शिवाय हीट पंपातली हवा पन्नास अंशांच्या आसपास राहते, जुने सुती गाऊन विटत नाहीत. पण तुम्ही दुसरी बाजू लपवली नाहीत. वेळ जास्त लागतो, आत कॉम्प्रेसर असल्यानं दुरुस्ती महाग, आणि महिन्यातून चार वेळा वापरणाऱ्या, मोकळी हवेशीर जागा असलेल्या घराला स्वस्तातला कंडेन्सर पुरतो, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. म्हणून तर मला तुमचं पटलं. युरोपीय संघानं 1 जुलै 2025 पासून नवीन विक्रीला फक्त हीट पंपवालेच ड्रायर ठेवलेत, हे मला नंतर कळलं. आमचा निर्णय त्याआधीच आमच्या बाल्कनीत झाला होता.

मशीन आलं तेव्हा टेम्पोत आडवं पडलेलं होतं. कॉम्प्रेसरचं तेल खाली बसू दे म्हणून तुम्ही रात्रभर उभं ठेवायला लावलंत आणि प्लगची पिन स्वतःच्या खिशात घेऊन गेलात, कारण मला धीर धरवत नव्हता हे तुम्ही ओळखलं होतं!

तिसऱ्या आठवड्यात कपडे अर्धवट ओले निघायला लागले. मी रडकुंडीला आले. तुम्ही दार उघडलंत, आत बोटांनी चाचपून स्टीलच्या दोन पट्ट्या दाखवल्यात. कपडे वाळले की नाही हे मशीन त्या पट्ट्यांवरून ओळखतं. कपडे मऊ राहावेत म्हणून धुताना घालत असलेल्या सॉफ्टनरचा पातळ थर बसल्यानं त्यांना समजेनासं झालं होतं. व्हिनेगरच्या बोळ्यानं त्या पुसल्यात, मग धागे अडवणाऱ्या जाळीवरची लव काढून जाळी नळाखाली धरलीत. जाळी वरून स्वच्छ दिसत होती, पण पाणी तिच्यातून आरपार जाईना, वरच साचून राहिलं; तिथंही तोच थर. सॉफ्टनर त्या दिवसापासून बंद.

आणि तेल. आईंना रोज तिळाच्या तेलानं मालिश होतं आणि पुसायची फडकी मी बाकीच्या कपड्यांबरोबरच टाकत होते. तेल राहिलेलं कापड ड्रायरमध्ये तापून, नंतर ढिगात पडून आपोआप पेटू शकतं, हे तुम्ही सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आता ती फडकी गरम पाण्यात वेगळी धुते आणि दोरीवरच वाळवते. रबराचं कापडही ड्रायरमध्ये घालत नाही. टाकीतलं पाणी फरशी पुसायला वापरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नको म्हणून तुम्ही दोनदा बजावलंत, तेही पाळलंय.

आईंच्या कमरेवरचा चट्टा जुलैत पूर्ण गेला. चादर बदलताना त्या अजून फारसं बोलत नाहीत, पण कोमट चादर पाठीखाली सरकवली की डावा हात तिच्यावरून फिरवतात. परवा "ऊन" म्हणाल्या, स्पष्ट.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, चहासुद्धा दोनदाच. काकूंना विचारून रविवारी दोघंही जेवायला वर या. तुमचा काटा अजून परत द्यायचा राहिलाय. समोरच्या वहिनींनी काल त्यांचं गाठोडं मोजायला नेलाय, तो रविवारपर्यंत परत आणून ठेवते.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची सूनबाई