रविवारी ९ ला शेडवर या, ओले ओंडके आलेत

मंडळी, परवाच्या वादळात पडलेल्या रेन ट्रीचे पाच ओंडके रीतसर परवानगी काढून आणलेत, ओले आहेत तोवरच वाडगे काढून घेऊ कारण ओलं लाकूड लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) मस्त सोलत जातं, वाळलं की गॉज (कातायची पन्हळी छिन्नी) सतत धार मागतो. ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडांना भेगा पडू नयेत म्हणून जाड फेविकॉल फासलाय, प्लीज खरवडू नका.

मधला गाभा कापून टाकायचाच. मागे मी हौसेने ठेवला होता, आठ दिवसांनी रात्री शोकेसमधून टक्क आवाज, बघतो तर वाडग्याला आरपार भेग.

१० इंची वाडगा असेल तर भिंत १ इंच जाड ठेवा, मग ढलप्यांसकट कागदी पिशवीत भरून ठेवा आणि दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करा, वजन उतरायचं थांबलं की वाळला समजा (काही महिने जातात, घाई करू नका), तोवर तो थोडा लंबगोल होतोच, वाळल्यावर पुन्हा गोल कातता यावा म्हणून तर जाडी ठेवायची.

रस्त्याकडेचं झाड आहे, जाहिरातींचे खिळे असणार, मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय लेथवर चढवायचं नाही. सुरुवात ४००-५०० आरपीएमच्या आतच. फेस शील्ड आणि मास्क आपापला आणा, या लाकडाची धूळ डोळ्यांना झोंबते. ओढणी, सैल बाह्या नकोत.

ज्यांचे जुने वाडगे वाळलेत त्यांनी वाडग्यांना लावायला कच्चं जवसाचं तेल आणा, हार्डवेअरवालं ‘बॉइल्ड’ नको, त्यात बऱ्याचदा धातूचे ड्रायर असतात आणि आपल्याला त्या वाडग्यांत चिवडा खायचाय. येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवा, लेथ दोनच आहेत.