शाईचा ठिपका

प्रिय बंड्या,

तीन महिने झाले तुझ्या पत्राला. शिव्या घालायच्या तेवढ्या घाल. आज लिहितोय तेही स्वार्थापोटीच, कारण ही गोष्ट घरात सांगता येत नाही आणि तुझ्याशिवाय कुणाला कळायचीही नाही. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

तर, मी विमान घेतलंय. हसून झालं का? रेडिओ कंट्रोलचं, फोमचं, शिकाऊ लोकांसाठी असतं ते. पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांना जरा उचललेले, त्यामुळे कललं तरी हातातल्या रिमोटची स्टिक सोडून दिली की पुष्कळदा आपणहून सरळ होतं. पण सोडून देणं हे आपल्या रक्तातच नाही. आधी सिम्युलेटरवर आठवडाभर उडवलं. समोर आलं की तिथेही आपटायचंच, पण बटण दाबलं की नवं विमान हजर. त्यातून जो माज चढला तो तुला माहीत आहे, दहावीच्या बीजगणितात पाहिलायस.

एका पहाटे वारा पडलेला बघून, कुणाला न सांगता एकटाच मैदानावर गेलो. हाताने फेकलं, चढलं. लांब जात होतं तोवर मी राजा! वळवून माझ्याकडे आणलं आणि तिथे आपली जुनी कवायत सुरू झाली. विमान आपल्याकडे तोंड करून आलं की त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताला येतो. एक पंख जरासा कलला, मी सावरायला स्टिक दिली, तो आणखी कलला. घाबरून आणखी दिली. वर एलेव्हेटर, म्हणजे शेपटीची हलती पट्टी, ओढला, नाक उचलेल म्हणून. एवढं कललेलं विमान एलेव्हेटरने वर येत नाही रे, वळण आवळत जातं. गिरक्या घेत नाकावर आलं. प्रॉपेलरचे दोन तुकडे, मोटरची बैठक उखडलेली, नाक चुरगळलेलं. उकळत्या पाण्याने फोम फुगून नाक बरंचसं जागेवर आलं, बाकी गोंद. घरी सांगितलं, वाऱ्याने पडलं. पानसुद्धा हलत नव्हतं त्या दिवशी.

आता एक गृहस्थ शिकवतात. दोन ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, एकमेकांना जोडलेले, एक त्यांच्या हातात, एक माझ्या. त्यांनी स्विच धरला की विमान माझं, सोडला की त्यांचं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "समोर येताना डावं-उजवं विसरा. जो पंख खाली गेलाय त्याच बाजूला स्टिक न्या, टेकू दिल्यासारखी." बंड्या, एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं! टेकू द्यायला दिशेचं नाव लागतच नाही. त्या दिवशी आठ फेऱ्या मारल्या, त्यांनी एकदाही स्विच सोडला नाही.

पण रविवारी ते जोडणी काढणार आहेत. एकट्याने उतरवायचं. उतरताना विमान खाली, संथ, आणि नेमकं आपल्याकडे येणारं. वेग फार पडला आणि आपण नाक उचलत बसलो की एक पंख धाडकन पडतो, आणि तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते. तेही जमेल एक वेळ. भीती वेगळीच आहे. ते मागे उभे राहून ओरडणार, "डावीकडे घ्या!" आणि शब्द कानावर पडला की माझा हात थिजतो, नाहीतर उलटा जातो. परवा दोनदा झालं. त्यांना वाटतं मी घाबरतो. हिला वाटतं मी ऐकतच नाही, कारण गाडीत ती 'उजवीकडे' म्हणते आणि मी शांतपणे डावीकडे वळतो. खरं कारण तुला एकट्याला ठाऊक. या वयात त्यांना कसं सांगू, की सर, मला डावं-उजवं पटकन कळत नाही? शाळेत अख्खी रांग एकीकडे नि मी एकटा दुसरीकडे, तुझ्याशी नाकाला नाक लावून उभा!

तू माझ्या उजव्या मनगटावर शाईचा ठिपका काढायचास म्हणून निभावलं. आणि तपासणीच्या दिवशीच तो डाव्यावर काढलास. महिनाभर बोललो नव्हतो आपण. चुकून काढला म्हणालास. तुझं ते तोंड मला अजून आठवतं, चुकून काढणाऱ्याचं नव्हतं ते.

घर बदललंस असं ताईकडून कळलं. छान. गॅलरी आहे म्हणे. धाकटीचा निकाल लागला का? तिला आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार.

रविवारच्या आत फोन कर. त्यांना सांगू की नुसतं म्हणू, "मागून ओरडू नका, मी बिथरतो"? दुसरं सोपं वाटतंय.

तुझाच,
उलट्या रांगेतला

ता. क. ठिपक्याचा विचार मीही करून पाहिला. उपयोग नाही. मनगट माझं, पंख त्याचे.