ऑन-कॉलची रात्र फुकट नको

भांडुप, मुंबई

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तू आता टीमची लीड झालीस, ऑन-कॉलचं रोस्टर, म्हणजे कामाच्या वेळेनंतर बिघाड झाला तर कुणाला उठवायचं याच्या पाळ्या, तुझ्या हातून लागणार, आणि एचआरचं म्हणणं असं की वेगळा भत्ता देण्याची पद्धत नाही, ते पगारातच धरलेलं असतं. तू विचारलंस, बाबा, तुमच्या वेळी काय होतं? दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचे सर्व्हर आणि अलर्ट मला फारसे कळत नाहीत. पण रात्री-अपरात्री बोलावणं येणं म्हणजे काय, हे लिफ्ट मेकॅनिकला कुणी सांगायला नको. माझी सगळी नोकरी त्यात गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिथली भली माणसं अजून ओळखीची आहेत. आमच्याकडे त्याला स्टँडबाय म्हणत. सुरुवातीची बरीच वर्षं स्टँडबायचे वेगळे पैसे नव्हते. कॉल आला आणि गेलास तर जाण्यायेण्याचा खर्च, तोही पावती दाखवल्यावर. कॉल नाही आला तर काहीच नाही, कारण साहेबांच्या मते तू घरीच तर होतास, झोपलाच तर होतास.

आता ते घरी असणं कसं असे ते ऐक. त्या आठवड्यात फोनची घंटा ऐकू येईल एवढ्याच अंतरात मी वावरायचो. सुमनआत्या विरारला, तिच्याकडे सणाला जायचं नाही. नाटकाची तिकिटं काढायची नाहीत. तुझ्या आईला भाजी आणायला जायचं असलं की मी घरी हवा, आणि मला खाली जायचं असलं की ती फोनजवळ हवी. तुला लहानपणी ताप आला होता तेव्हा डॉक्टरकडे आईच एकटी घेऊन गेली, कारण माझा स्टँडबाय होता. त्या आठवड्यात कॉल किती आले याच्याशी याचा काही संबंध नव्हता. एकही आला नसता तरी आठवडा कंपनीचाच होता. म्हणून सांगतो, जो वेळ माणसाला स्वतःच्या मनाप्रमाणे वापरता येत नाही तो त्याने कंपनीला दिलेला आहे, आणि दिलेल्या वेळेचे पैसे द्यायला हवेत. कॉल आल्यावर केलेल्या कामाचे पैसे वेगळे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नकोस. एचआरवाले नेमकी तीच करतात.

'पगारात धरलंय' असं म्हणाले तर त्यांना एकच विचार: तुझ्या टीममधल्या एकाला महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल लागतो आणि दुसऱ्याला दोन, मग दोघांचा पगार सारखा कसा? पगारात खरंच धरलं असेल तर ती रक्कम पगारपत्रकात कुठल्या ओळीत आहे ते दाखवा म्हणावं. दाखवता येणार नाही, कारण ती नाहीच. तूच मला सांगितलं होतंस की गूगलमध्ये ऑन-कॉलसाठी बदली सुट्टी किंवा रोख मोबदला मिळतो. म्हणजे तुमच्या धंद्यात हे अशक्य आहे असंही नाही.

आमच्या युनियनने करार केला तेव्हा मी कमिटीत होतो. वाटाघाटी कित्येक महिने चालल्या. शेवटी ठरलं ते असं. स्टँडबायच्या प्रत्येक दिवसाला ठरावीक भत्ता, कॉल येवो न येवो. रविवारी आणि सणाला तो दुप्पट. कॉलला गेल्यावर काम वीस मिनिटांत आटपलं तरी किमान तीन तासांचा जादा पगार, आणि वेळ मोजायची ती घरातून निघाल्यापासून, इमारतीत पोचल्यापासून नव्हे. शेवटची लोकल गेल्यावर टॅक्सीचे पैसे, तेही आगाऊ, कारण महिनाअखेरीस मेकॅनिकच्या खिशात कांदिवलीहून कुलाब्याला जायला टॅक्सीचं भाडं नसतं. हा शेवटचा मुद्दा मॅनेजरला क्षुल्लक वाटला होता. आमच्यासाठी तो सगळ्यात मोठा होता.

करारानंतर जे घडलं ते तुला मुद्दाम सांगतो, कारण मंगळवारच्या मीटिंगमध्ये तुझ्या उपयोगी पडेल. गिरगावात एका जुन्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट होती. दाराचा कॉन्टॅक्ट झिजलेला, पावसाळ्यात हवा दमट झाली की दार लागूनही सर्किट पुरं व्हायचं नाही, लिफ्ट मधेच उभी. दर दोन-चार रात्रींनी कॉल. आम्ही जायचो, कॉन्टॅक्ट घासायचो, पट्टी वाकवायचो, लिफ्ट चालू करून यायचो. प्रत्येक मजल्यावरचे कॉन्टॅक्ट बदला असं आम्ही रिपोर्टात लिहीत असू, आणि ते कागद फाइलला लागत. कारण आमची रात्र फुकट होती आणि नव्या कॉन्टॅक्टला पैसे पडत होते. करार झाला, कॉलचे पैसे शाखेच्या खर्चात दिसायला लागले, आणि मग मात्र साहेबांनी स्वतः विचारलं की या पत्त्यावर एवढे कॉल का? महिनाभरात सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट बदलले. मग त्या इमारतीचे कॉल जवळजवळ थांबलेच.

तुझ्याकडेही हेच चाललंय असं मला तुझ्या बोलण्यावरून वाटतं. रात्री दोनला अलर्ट येतो, डिस्क भरली म्हणून. तो मुलगा उठतो, जुन्या फायली पुसतो, झोपतो. आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. डिस्क वाढवायला किंवा ती सफाई आपोआप व्हायला कुणाला सवड नाही, कारण त्या मुलाची झोप कुणाच्याच हिशोबात नाही. ती हिशोबात आण. मग बघ, वर्षभर रखडलेली दुरुस्ती कशी मार्गी लागते. ऑन-कॉलच्या भत्त्याकडे केवळ खर्च म्हणून बघणाऱ्याला कुठली गोष्ट सारखी मोडते हे कधी कळतच नाही. तुझ्या साहेबांना माणुसकीची भाषा पटली नाही तर ही तरी पटेल. पण माझ्या मनातलं सांगतो, माणुसकीचं कारणही पुरेसं आहे.

विश्रांतीबद्दल मी जरा कडक आहे. लिफ्टमध्ये माणूस अडकल्याचा कॉल आला की आधी मेन स्विच बंद करायचा आणि आतल्या माणसाशी बोलायचं: दार ओढू नका, उडी मारायला बघू नका, आम्ही आलोय. मग वर मशीन रूममध्ये. एकाने लिव्हरने ब्रेक सोडायचा, दुसऱ्याने हाताने चाक फिरवायचं. केबिनमध्ये एक-दोनच माणसं असली तर काउंटरवेट, म्हणजे रोपच्या दुसऱ्या टोकाला लटकणारं वजन, जास्त जड असतं, त्यामुळे ब्रेक सुटला की केबिन खाली येण्याऐवजी वर जायला बघते. म्हणून ब्रेक थोडा सोडायचा, लगेच धरायचा, पुन्हा थोडा सोडायचा, रोपवरची मजल्याची खूण जुळेपर्यंत. हे काम दोघांचं आहे, एकट्याने करायचं नाही, आणि डोळ्यांवर झोप असलेल्याने तर मुळीच नाही. म्हणून करारात आम्ही घालून घेतलं की मध्यरात्रीनंतर काम केलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला येणार नाही, आणि त्याचा पगार कापायचा नाही. तुमच्याकडे कुणी लिफ्टमध्ये अडकत नाही, पण अर्धवट झोपेत चुकीची कमांड दिल्याने चालता डेटाबेस पुसला गेल्याच्या गोष्टी तूच सांगतेस ना? मग रात्री तीनपर्यंत जागलेल्या माणसाला साडेनऊच्या मीटिंगला हजर राहायला सांगू नकोस. आणि ऑन-कॉलला एकटा माणूस ठेवू नकोस. पहिल्याने ठरलेल्या वेळात फोन उचलला नाही तर दुसऱ्याला जायला हवा, आणि त्या दुसऱ्यालाही भत्ता मिळायला हवा, भले थोडा कमी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आमच्या वेळी 1948 चा कारखाने कायदा दाखवायचो, त्याच्या कलम 59 मध्ये दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांवर काम झालं की दुप्पट दर. ऑफिसांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यातही जादा कामाला दुप्पटच. 2025 मध्ये राज्य सरकारने दिवसाचे तास नऊवरून दहा आणि तीन महिन्यांतल्या जादा कामाची मर्यादा 125 वरून 144 तास करायचं ठरवलं, दुप्पट दराला मात्र हात लावला नाही. तुला मॅनेजर म्हणून यातून वगळतील, पण तुझ्या टीममधल्या मुलांना नुसतं पदाचं भारी नाव देऊन वगळता येत नाही. माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते न्यायालयं बघतात. एवढं असूनही घरी फोन उशाला घेऊन थांबण्याबद्दल आपल्याकडे वेगळं कलम नाही. युरोपात 2018 मध्ये बेल्जियममधल्या एका अग्निशामक जवानाचा खटला गाजला होता. बोलावणं आल्यावर त्याला आठ मिनिटांत केंद्रावर पोचायचं बंधन होतं, आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवलं की असा घरी थांबण्याचा वेळ हा कामाचाच वेळ. आपल्या सुप्रिया सुळेंनी 2018 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं. कायदा झालेला नाही. तोवर जे मिळवायचं ते टेबलावर बसून, लेखी ठरवून मिळवावं लागेल.

आणि हे आपल्या शहराला नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये इथे बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, आणि 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तोपर्यंत रविवारही मालकाचाच होता. तुझ्या पणजोबांनी परळच्या गिरणीत काम केलं, त्यांना तो रविवार आयता मिळाला. तुमच्या पिढीच्या हातून तो फोनच्या वाटेने पुन्हा जातोय, आणि कुणी मागितलासुद्धा नाही, नुसता घेतला, याचं मला फार वाईट वाटतं.

रोस्टर लावताना काही गोष्टी जपून कर. तुझ्या टीममधला तो पीजीमध्ये राहणारा मुलगा, त्याच्या मागे कुणी नाही, मग दिवाळी, गणपती, सगळं त्याच्याच माथी, असं होऊ देऊ नकोस. एकट्या माणसालाही आईवडील असतात. मुलींना 'काळजीपोटी' रात्रीच्या रोस्टरमधून परस्पर काढू नकोस, नाहीतर त्यांचा भत्ताही जाईल आणि बढतीच्या वेळी हेच पुढे येईल. त्यांना विचार. रात्री साडेनऊनंतर ऑफिसातच यावं लागणार असेल तर त्यांची संमती आणि घरापर्यंत गाडी, हे 2017 च्या त्या कायद्यातच आहे. ज्याच्या घरी तान्हं मूल आहे किंवा कुणी आजारी आहे त्याला काही महिने सूट दे, पण ती सगळ्यांना माहीत असू दे. गुपचूप दिलेल्या सवलतीने टीममध्ये कुजबूज सुरू होते. गणपतीचं रोस्टर तर फार आधी लाव. कोकणातली मुलं आहेत तुझ्याकडे, आणि गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्याच्या नंतर रोस्टर लागलं तर कुणाचा तरी गणपती हुकणार.

आणखी एक, रात्री कशासाठी उठवायचं तेही लिहून काढ. आमच्याकडे माणूस अडकला असेल तर लगेच, हॉस्पिटलची लिफ्ट असेल तर लगेच. इमारतीत दुसरी लिफ्ट चालू असेल तर सकाळी. कुठल्याशा सोसायटीचा सेक्रेटरी कितीही ओरडला तरी सकाळी. तुमच्याकडेही ग्राहकाचे पैसे अडकलेत की नुसता एक रिपोर्ट उशिरा येतोय, हा फरक रात्री दोनला झोपेतून उठलेल्या पोराने ठरवायचा नसतो. तो दिवसा, सगळ्यांनी बसून ठरवायचा आणि व्हॉट्सअॅपवर साहेबांचा मेसेज आला म्हणून बदलायचा नाही.

एवढं सगळं पहिल्या मीटिंगमध्ये मिळणार नाही. आधी भत्ता आणि दुसऱ्या दिवशीची विश्रांती, या दोनच गोष्टी मागून घे. भत्त्याचा आकडा कमी असला तरी चालेल, पण 'कॉल आला तर' अशी अट त्यात घालू देऊ नकोस. आणि बदली सुट्टी देऊ म्हणाले तर ती किती दिवसांत घेता येईल आणि नाही घेता आली तर तिचे पैसे मिळतील का, हे त्याच कागदावर लिहून घे. आमच्याकडे सुट्ट्या साठत गेल्या आणि वर्ष संपलं की बुडत गेल्या.

मागच्या तीन महिन्यांत कुणाला किती वाजता कॉल आला, किती वेळ गेला आणि कशामुळे आला, याची यादी मंगळवारच्या आत काढून ठेव. एचआरने दिलेला मसुदा आला की मला पाठव, फोटो काढून पाठवलास तरी मला वाचता येईल. तुझी आई विचारतेय की या आठवड्यात तुझाच ऑन-कॉल आहे का. असेल तर शनिवारी आम्हीच तुझ्याकडे येतो, तू निघू नकोस.

तुझे
बाबा