अक्का, फ्री सेल सर्टिफिकेट हातात आलं!

आदरणीय अक्का,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, कामाला लाग" म्हणून फोन ठेवता. त्यामुळे आता सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे मधेच थांबवता येणार नाही. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव, शिरोलीकडे माझ्यासारखं साबण-तेलाचं छोटं युनिट चालवणारं आणखी कुणी असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

दुबईच्या व्यापाऱ्याला आमचं माका-जास्वंदीचं तेल, उटणं आणि लिप बाम पसंत पडलं. भावही ठरला. मग त्याने फ्री सेल सर्टिफिकेट, म्हणजे हा माल आपल्या देशात खुला विकला जातो असा सरकारी दाखला, मागितला आणि गाडी अडली. कुणी म्हणालं डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेश व्यापार खात्याच्या) पुणे ऑफिसात जा, कुणी म्हणालं दिल्ली गाठ. मुंबईचा एक एजंट म्हणाला, कागद पाठवा, पैसे पाठवा, बाकी विचारू नका. भरवशाचा दुसरा एजंट कोण, एवढंच विचारायला मी राजारामपुरीत तुमच्याकडे आलो होतो. औषध कंपनीत अख्खी नोकरी असले कागद करण्यात गेलेली तुम्ही, एखादं नाव सहज सांगाल असं वाटलं. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "परवाना तुझ्या नावावर, सही तुझी, आणि वाचणार एजंट व्हय रं?"

मग तुम्ही कागदावर दोन रकाने आखून दिलेत. डीजीएफटीकडून आयात-निर्यात कोड घ्यायचा, ओरिजिनच्या दाखल्याचा अर्जही त्यांच्याच पोर्टलवर. पण सौंदर्यप्रसाधनं १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात येतात, म्हणून 'हा माल इथल्या बाजारात खुला विकायला परवानगी आहे' असं लिहून देणार ते आपलं राज्याचं अन्न व औषध प्रशासन. जीएमपीचा, म्हणजे माल योग्य पद्धतीने बनतो याचा, दाखलाही तिथूनच. ओरिजिनचा दाखला माल कुठे बनला ते सांगतो आणि अमिरातीशी १ मे २०२२ पासून लागू असलेल्या करारातली जकातीची सवलत त्याच्यावर मिळते. फ्री सेल आणि ओरिजिन हे दोन दाखले एकच समजणारे लोक मला नंतरही भेटले, त्यात एक सीए होते!

खरी परीक्षा लेबलांची झाली. तेलाच्या लेबलच्या मसुद्यावर डिझायनरने 'केसगळती थांबवते, कोंडा बरा करते' असं झोकात लिहिलं होतं. तुम्ही लाल पेन फिरवलंत. स्वच्छ करणं, सुंदर दिसायला मदत करणं इथवर सौंदर्यप्रसाधन. 'बरं करतो' म्हटलं की ते औषध झालं आणि त्याचा परवानाच वेगळा. मला ती ओळ फार आवडत होती, अजूनही आवडते, पण गेली ती गेली. मग परवान्यासोबतची यादी, लेबल, घटकांचा तक्ता आणि लॅबचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक नाव अक्षर न् अक्षर जुळवायला लावलंत. घटक सौंदर्यप्रसाधनांच्या कच्च्या मालाच्या भारतीय मानकाशी, आयएस ४७०७ शी, पडताळले. लिप बामच्या रंगात शिसं २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या वर नको, हे तुम्ही न बघता सांगितलंत. लग्नाच्या याद्या करणारी आत्याही इतकी बारीक नसते.

व्यापाऱ्याने मधेच विचारलं, तुमच्या परवान्यावर मुदत संपायची तारीखच नाही, हा खरा आहे ना? मला घाम फुटला. तुम्ही हसलात. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांत हा परवाना कायम चालू राहतो, दर ५ वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे तो चालू ठेवायची फी, भरायची. तेवढंच इंग्रजीत चार ओळींत लिहून पाठवलं आणि तो गप्प बसला.

आमच्या दाखल्याला अपोस्टिल, म्हणजे करारातले देश एकमेकांचा मानतात तो एकच शिक्का, चाललं नाही. आधी चेंबर ऑफ कॉमर्स, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, अशी शिक्क्यांची वरात निघाली. हा क्रम तुम्ही आधीच लिहून दिला होता म्हणून कुठे उलटी फेरी पडली नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या कोल्हापूरच्या ऑफिसात मात्र सगळ्यांनी घाबरवलं होतं तसं काही झालं नाही. फाईल नीट लावलेली असली की समोरचा माणूसही नीट बोलतो, असा माझा अनुभव.

फी विचारली तर तुम्ही रागावलात, आणि पाठवलेली तेलाची बाटलीसुद्धा "आधी दुबईला विक" म्हणून परत केलीत. तेवढं मात्र मला पटलेलं नाही, अक्का.

आता मस्कतहून विचारणा आलीय. ओमान अपोस्टिलच्या करारात आहे, हे मी स्वतः शोधून काढलं. कागदांची यादी या वेळी मीच करतोय. रविवारी दाखवायला येतो, लाल पेन तयार ठेवा. बाटली बरोबर आणणार, आणि या खेपेला परत नेणार नाही.

आपला,
गोकुळ शिरगावचा तेलवाला