हँग सर्व्हर: आधी डंप, मग रीस्टार्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझा जावाचा सर्व्हर अडकलाय: पोर्ट उघडा, प्रोसेस जिवंत, सीपीयू चार-पाच टक्क्यांवर लोळतोय, आणि तरी एकही विनंती पुरी होत नाही. थ्रेड, म्हणजे प्रोसेसच्या आत विनंत्या हाताळणारे कामगार, २०० वरून ४०० केलेस तरी गुण आला नाही, असं लिहितोस. येणारही नव्हता. सीपीयू मोकळा असून कामं तुंबलीत, म्हणजे काम करणारे सगळे कशाची तरी वाट पाहत बसलेत, आणि तू वाट पाहणाऱ्यांची भरती वाढवलीस. शोधायचाय तो साखळीतला शेवटचा थ्रेड: बाकीचे ज्याच्यापाशी अडलेत तो. तो स्वतः कशावर थांबलाय, तेवढं कळलं की निम्मं काम झालं.

त्यासाठी रीस्टार्टचा हात जरा आवर. प्रोसेस मेली की पुरावाही गेला. वरून कितीही दबाव असला तरी दोन मिनिटं मागून घे. डंप, म्हणजे कोणता थ्रेड कोडच्या कोणत्या ओळीवर आहे त्याची नोंद, काढायला तेवढी पुरतात. एकाहून जास्त सर्व्हर असतील तर अडकलेला लोड बॅलन्सरमधून (विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर काढ आणि तसाच चालू ठेव, मग घाई करायचं कारणच उरत नाही.

मशीनकडे एक झटपट नजर. 'व्हीएमस्टॅट १' ही आज्ञा दहा सेकंद चालू ठेव आणि पहिली ओळ सोडून दे, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'आर' रकान्यातला (धावायला तयार प्रोसेसचा) आकडा सीपीयूच्या कोअरपेक्षा बराच जास्त असेल तर सीपीयूची खरीच मारामारी आहे, म्हणजे दुखणं वेगळं. 'बी' रकाना फुगलाय आणि सीपीयू रिकामा आहे, तर प्रोसेस 'डी' अवस्थेत, म्हणजे डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमपाशी अडकल्यात. लिनक्सच्या लोड ॲव्हरेजमध्ये 'डी' वालेही मोजले जातात, म्हणून सीपीयू झोपलेला आणि लोड ८० असं विचित्र चित्र दिसतं. अशा वेळी 'डीमेसेज', म्हणजे कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग, बघ. एखादं काम १२० सेकंदांहून जास्त अडकलं की कर्नल तशी ओळ टाकतो. 'डी' मधल्या प्रोसेसला 'किल -९' बहुधा लागू पडत नाही, खालचं स्टोरेज किंवा एनएफएस (नेटवर्कवरची फाइल सिस्टिम) जागं झाल्यावरच ती हलते. 'डीएफ'ने डिस्क भरली आहे का तेही बघून घे, आणि आयनोडसाठी (फाइलींच्या नोंदींच्या जागांसाठी) 'डीएफ -आय'. जागा ४० टक्के मोकळी असून आयनोड संपलेले असू शकतात.

पोर्ट उघडा दिसतो यावर तर बिलकूल विसंबू नकोस. टीसीपीची हातमिळवणी, म्हणजे नेटवर्कची जोडणी जुळवणं, कर्नल परस्पर उरकतो, ॲप्लिकेशन झोपलेलं असलं तरी. 'एसएस -एलएनटी' मध्ये ऐकणाऱ्या सॉकेटपुढचा 'रिसीव्ह-क्यू' म्हणजे कर्नलने जोडलेल्या पण ॲप्लिकेशनने अजून न उचललेल्या जोडण्या, आणि 'सेंड-क्यू' म्हणजे त्या रांगेची मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्याला टेकला की स्वीकारणाराच अडकलाय. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर मात्र हजारो जोडण्या आधी आत घेऊन मग थ्रेडची वाट पाहायला लावतो, त्यामुळे तिथे ही रांग शून्य दिसली तरी हुरळून जाऊ नकोस.

आता मुख्य काम. थ्रेड डंप काढ: 'जेस्टॅक -एल' आणि पुढे प्रोसेसचा क्रमांक. तो 'एल' विसरू नकोस. त्याच्याशिवाय रीएन्ट्रंट लॉक (लॉक म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप, हा त्यातला एक प्रकार) कोणाच्या ताब्यात आहे ते छापलंच जात नाही. एका डंपने काही ठरत नाही, तो त्या क्षणाचा फोटो. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन काढ आणि तिन्हींत जो थ्रेड त्याच ओळीवर बसलेला दिसेल तो अडकलेला समज. जेस्टॅक चालत नसेल तर 'किल -३' हा सिग्नल दे, पण त्याचा डंप प्रोसेसच्या स्वतःच्या आउटपुटमध्ये पडतो, तुझ्या टर्मिनलवर नाही. आणि ही युक्ती जावाचीच. गो भाषेतला प्रोग्रॅम त्याच सिग्नलवर सगळ्या गोरूटीनचे (गोमधल्या हलक्या थ्रेडचे) स्टॅक छापतो आणि मरतो. पायथॉनची प्रोसेसही मरते, तिथे 'पाय-स्पाय डंप' वापर.

डंप वाचताना वरून खाली वाचत बसू नकोस. आधी मोजणी कर: प्रत्येक थ्रेडच्या वरच्या चार-पाच ओळी घे, सारख्यांचे गठ्ठे बांध. २०० पैकी १९० थ्रेड एकाच गठ्ठ्यात निघाले की दिशा मिळाली. समज, १९० थ्रेड 'ब्लॉक्ड' आहेत आणि सगळ्यांपुढे 'वेटिंग टू लॉक' लिहून एकच पत्ता आलाय. तोच पत्ता 'लॉक्ड' या शब्दामागे कुठे आहे ते शोध. तो एकाच थ्रेडमध्ये सापडेल, आणि तोच आपला गडी. आता गंमत बघ: त्याची अवस्था बहुतेकदा 'रनेबल', म्हणजे धावायला मोकळा, लिहिलेली असते. जावाच्या लेखी नेटिव्ह कॉलमध्ये (जावाबाहेरच्या, सिस्टिमच्या कोडमध्ये) शिरलेला थ्रेड रनेबलच, मग तो सॉकेटवर तासभर का झोपलेला असेना. वरच्या ओळीत 'सॉकेटरीड०', किंवा जेडीके (जावाचा संच) १३ पासून पुढे 'नेट.पोल', दिसलं की तो कुणाच्या तरी उत्तरासाठी ताटकळतोय. शंका असेल तर 'टॉप -एच' लावून थ्रेडनिहाय सीपीयू बघ. तिथला क्रमांक दशमानात असतो आणि जुन्या जेडीकेच्या डंपमध्ये 'एनआयडी' हेक्समध्ये (१६ च्या पायात). २७४३१ असेल तर डंपमध्ये ६बी२७ शोध. सीपीयू शून्य असेल तर रनेबलला काही अर्थ नाही.

जेस्टॅकच्या तळाशी डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकणं) सापडल्याची ओळ नसली म्हणजे डेडलॉक नाही, असं धरून चालू नकोस. ते हत्यार फक्त लॉकची वर्तुळं ओळखतं. पूल, म्हणजे वाटून वापरायच्या थ्रेडचा किंवा कनेक्शनचा ठरावीक साठा, संपल्यामुळे झालेली कोंडी त्याला दिसत नाही, आणि तुझ्या वर्णनावरून मला संशय तिचाच जास्त येतो. ती दोन रूपांत भेटते.

पहिलं रूप, काम आणि पोटकाम एकाच पूलमध्ये. आठ थ्रेडचा पूल आहे. आठ मोठी कामं आली, आठही थ्रेड त्यांनी घेतले. प्रत्येकाने आपलं पोटकाम त्याच पूलला दिलं आणि 'फ्यूचर.गेट' वर, म्हणजे त्याच्या निकालाची वाट पाहत, बसलं. पोटकामं रांगेत, थ्रेड एकही मोकळा नाही. जन्मभर बसलात तरी हलणार नाही. सात मोठी कामं असतील तोवर सगळं सुरळीत चालतं, म्हणून टेस्टिंगमध्ये हे कधी सापडत नाही. डंपमध्ये पूलचे सगळे थ्रेड 'गेट' वर दिसतात. पोटकामांना वेगळा पूल दे, किंवा वाट पाहणं काढून पुढची पायरी कॉलबॅकने जोड. पूल मोठा करशील तर रोग फक्त पुढे ढकलला जाईल.

दुसरं रूप डेटाबेसच्या कनेक्शन पूलचं. एक थ्रेड कनेक्शन घेतो, आणि ते हातात असतानाच दुसरं मागतो. ट्रॅन्झॅक्शनच्या (एकत्र पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटाच्या) आत नवं ट्रॅन्झॅक्शन उघडलं की हमखास. हिकारी हे जावाचं कनेक्शन पूल सांभाळणारं साधन; त्याचा पूल मुळात १० चा. दहा थ्रेड एकदम आले, प्रत्येकाच्या हातात एक-एक, आणि दुसऱ्यासाठी सगळे दारात. हिकारी ३० सेकंद थांबवतो, मग सगळ्यांना एकदम एरर देतो, कनेक्शन परत येतात, पाच सेकंद बरं चालतं, पुन्हा कोंडी. लॉगमध्ये बरोबर ३० सेकंदांच्या पट्ट्यांनी एररचे झुबके दिसले तर हेच समज. कोंडी टाळायला किमान किती कनेक्शन लागतील त्याचं गणित सोपं आहे: थ्रेडची संख्या गुणिले, प्रत्येकाला एका वेळी लागणाऱ्या कनेक्शनमधून एक वजा, अधिक एक. दहा थ्रेड, दोन-दोन कनेक्शन, म्हणजे ११. दहाला ठप्प आणि अकराला चालू! अर्थात २०० थ्रेडना हेच लावलं तर २०१ कनेक्शन होतात, आणि डेटाबेसवर तो भार टाकण्यापेक्षा आतलं ट्रॅन्झॅक्शन काढून टाकणं केव्हाही बरं. कनेक्शन घेऊन परत न करणारा कोड शोधायचा असेल तर हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड २०००० मिलिसेकंदांवर ठेव; कनेक्शन कुणी उचललं त्याचा स्टॅक लॉगमध्ये येतो.

डंपमध्ये सगळे डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबलेले दिसले तर ॲप्लिकेशन खणत बसू नकोस, नाहीतर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' (चालू जोडण्यांची यादी) उघड, आणि अडलेल्या प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाला 'पीजी_ब्लॉकिंग_पिड्स' लावून साखळी चढत जा. टोकाला बहुतेक वेळा 'आयडल इन ट्रॅन्झॅक्शन' भेटतो: क्वेरी संपली, कमिट (बदल पक्के करणं) नाही, लॉक खिशात. त्याचं 'झॅक्ट_स्टार्ट' बघ, कधीपासून बसलाय ते कळेल. आणखी एक सापळा आहे: लांबलेली साधी सिलेक्ट चालू असताना कुणीतरी टेबलाची रचना बदलणारं 'ऑल्टर टेबल' मारतं. ते त्या सिलेक्टमागे थांबतं, आणि मग त्या टेबलावरची प्रत्येक नवी सिलेक्ट ऑल्टरच्या मागे. असल्या आज्ञेआधी 'लॉक_टाइमआउट' दोन-तीन सेकंदांवर ठेवायची सवय लाव. मूळ किंमत शून्य, म्हणजे मर्यादाच नाही. आणि रीस्टार्टने सगळं सुटतं असंही नाही. ॲप्लिकेशन मेलं तरी डेटाबेसमध्ये चालू असलेली क्वेरी बऱ्याचदा चालूच राहते, कारण निकाल पाठवायला जाईपर्यंत तिला पलीकडचा माणूस उठून गेल्याचा पत्ता नसतो. तीनदा रीस्टार्ट मारलास तर तीच जड क्वेरी तिप्पट. आधी 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड', नाही ऐकलं तर 'टर्मिनेट'.

उरला टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट पाहायची त्याची मर्यादा. त्यावर जरा आकडे मांडतो, कारण लोक इथे अंदाजाने आकडे टाकतात. २०० थ्रेड, दर सेकंदाला १०० विनंत्या, प्रत्येक ५० मिलिसेकंदांची. एका वेळी सरासरी पाचच थ्रेड गुंततात. आता बाहेरची एक सेवा गप्प झाली, आणि तिच्याकडे शंभरातल्या पाचच विनंत्या जातात. टाइमआउट नसेल तर सेकंदाला पाच थ्रेड कायमचे जातात, आणि ४० सेकंदांत उरलेल्या ९५ विनंत्यांनाही थ्रेड उरत नाही. ३० सेकंदांचा टाइमआउट असेल तर अडकलेले १५० वर स्थिरावतात आणि बाकीचं कसंबसं चालतं. तीन सेकंदांचा असेल तर अडकतात फक्त १५.

टाइमआउट दिलाय म्हणतोस, पण कोणता? कनेक्टचा (जोडणी जुळवण्याचा) आणि रीडचा (उत्तर वाचण्याचा) वेगळा. रीडचा टाइमआउट दर वाचनाला नव्याने सुरू होतो. पलीकडचा दर चार सेकंदांनी एक बाइट टाकत राहिला तर पाच सेकंदांचा टाइमआउट कधीच लागत नाही. म्हणून संपूर्ण कामाला वेगळी मुदत हवी. पुन्हा प्रयत्नांचाही हिशेब धर: आत पाच सेकंद गुणिले तीन प्रयत्न, म्हणजे बाहेरच्याची मुदत १५ हून जास्त पाहिजे, नाहीतर बाहेरचा कंटाळून परत विचारतो आणि आतलं जुनं काम चालूच, दुष्काळात तेरावा महिना. टीसीपी किपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणं) वाचवेल म्हणशील, तर लिनक्सवर तो सॉकेटवर चालू केलेला असला तरी ७२०० सेकंदांनी जागा होतो, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा विचारतो: दोन तास अकरा मिनिटं. मधल्या फायरवॉलने निष्क्रिय जोडणी गुपचूप टाकून दिली असेल तर तेवढा वेळ तुझा थ्रेड गेला.

रांगेला मर्यादा आहे का तेही बघ. जावाचा फिक्स्ड थ्रेड पूल मागे अमर्याद रांग ठेवतो, त्यामुळे मेमरी संपेपर्यंत कुणी तक्रार करत नाही. स्वतः पूल बांधला असशील तर लक्षात घे, कोअर थ्रेड (पूलचे कायमचे थ्रेड) भरले की आधी रांग भरते आणि मगच जास्तीचे थ्रेड जन्मतात. रांग अमर्याद असेल तर ती 'मॅक्झिमम' संख्या नुसती शोभेला. शंभर-दोनशेची मर्यादा घाल आणि वरच्या विनंत्या सरळ परत पाठव.

पुढच्या खेपेला अडकलं की तीन डंप, त्याच मिनिटाची 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' आणि 'एसएस -टीएएनपीओ' चं आउटपुट एकाच फोल्डरमध्ये टाकून पाठव. सोबत हिकारीची आणि थ्रेड पूलची सेटिंग्ज. पासवर्ड तेवढे खोडून टाक.

तुझा,
जुना मित्र