सुमे, हे तुलाच सांगायचंय

प्रिय सुमे,

किती दिवस झाले लिहीन लिहीन म्हणतेय, रागावली असशील. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू. पण काल जे झालं ते इथं कुणाला सांगितलं की "बाई, सोडा ना" एवढंच ऐकू येतं, म्हणून तुला लिहितेय.

काल दहावीचा बीजगणिताचा पेपर होता. आपली पोरं दुसऱ्या शाळेच्या केंद्रावर असतात, माहितीये तुला. तर शेवटी जी १० मिनिटं जादा मिळतात ना, तेव्हा वर्गावरचे सर बाकांमधून फिरत हळूच सांगत गेले, एकचा ब, दोनचा क... प्रत्येकी १ मार्काचे ते चार प्रश्न. सगळ्यांनी भराभर लिहिलं. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं लिहिलं नाही. तिला दोनचं येत नव्हतं, तिनं ते तसंच कोरं सोडलं आणि संध्याकाळी घरी येऊन मला विचारते, "बाई, मी वेडी आहे का?"

अगं काय सांगू! अजिबात नाही म्हटलं, जवळ घेतलं. पण तिला पॉलिटेक्निकला जायचंय, तिथली मेरिट दहावीच्या मार्कांवरच लागते. म्हणजे प्रामाणिक राहायची किंमत तीच एकटी भरणार, बाकी वर्ग पुढं.

जानेवारीत याच पोरांनी परिपाठाला हात पुढं करून कॉपीमुक्तीची शपथ घेतली होती. आणि व्हरांड्यात मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं रंगवलीयत ना, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, पार राष्ट्रभक्तीपर्यंत, त्यात प्रामाणिकपणा नाहीच! रोज त्याच्यासमोरून जाते, काल पहिल्यांदा लक्षात आलं.

तू म्हणायचीस, मूल्यांचा वेगळा तास कशाला, पोरं मोठ्यांचं बघून शिकतात. त्यावरून बी.एड.ला मेसमध्ये आपण केवढ्या भांडलो होतो, माझी भाकरी गार झाली आणि तू तेवढ्यात माझी शेंगदाण्याची चटणी संपवलीस, ते मी विसरलेले नाहीये. सुमे, माझं आजही तेच म्हणणं आहे, तास हवाच. या पोरीनं बघून शिकायचं तर कुणाचं? चुलतभाऊ भिंतीवर चढून चिठ्ठ्या टाकणारा, वर्गावर सर हे असे. वर्गात आम्ही तासन्‌तास वाद घातलेत, सगळे करतात म्हणून बरोबर होतं का यावर, तेच तिच्या कामी आलं. पण पुढचं तुझं खरं आहे, मोठ्यांनी पाठीशी उभं राहिलं नाही तर पुढच्या वर्षी कुणी पोर असं वागेल का गं?

मुख्याध्यापक म्हणाले, तक्रार केली तर सगळ्यांचा निकाल राखून ठेवतील, तिचाही. हीच भीती मला खातेय. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून कायदा आहे, पण बोर्डापुढं साक्ष द्यायला पंधरा वर्षांच्या पोरीला उभं करायचं? गावात तिचं काय होईल? तरी मी लिहिणारच आहे, माझ्या सहीनं, तिचं नाव न घेता.

चिंगीचं ॲडमिशन झालं का? घराचा हप्ता आटोक्यात आला का? आणि भाऊजींचा गुडघा? सगळं सविस्तर कळव.

सोबत अर्जाचा मसुदा पाठवतेय. त्यातून ती पोरगी ओळखू येईल असं एकही वाक्य राहता कामा नये, तेवढं बघ आणि उद्या रात्रीपर्यंत फोन कर.

तुझी,
रेखा