इशापूरच्या रायफलीबद्दल, आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबा यांना शि. सा. नमस्कार.

फोनवर आईचा एकच प्रश्न होता, "घरात बंदूक कशाला?", आणि बाबांचे प्रश्न संपतच नव्हते. दोघांनाही धड उत्तर मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, रायफल इशापूरची आहे, बंगालमधल्या सरकारी कारखान्यातली. आपल्या सैन्यासाठी बनलेली, तिथून निकाली निघून इथे अमेरिकेत आलेली. मॉडेल 2ए1, साल 1967. रुपारेलला एनसीसीच्या परेडमध्ये तुम्ही खांद्यावर घेत होतात त्या .303 च्याच घराण्यातली. 1962 च्या युद्धानंतर सैन्य 7.62 मिमीच्या काडतुसाकडे वळत होतं. तेव्हा इशापूरच्या कारखान्याने .303 चाच आराखडा घेऊन, जास्त मजबूत पोलाद वापरून ही बनवली. ओळखायला सोपी: .303 चं मॅगझीन (गोळ्यांची पेटी) उतरत्या आकाराचं आणि दहा गोळ्यांचं, हिचं चौकोनी आणि बारा गोळ्यांचं. बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दट्ट्याच्या, दांड्याजवळ, दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथे उजव्या बाजूला मॉडेल, आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि साल कोरलेलं असतं. इंग्रजांच्या काळात तिथे राजमुकुट असे, हिच्यावर अशोकाचे सिंह आहेत. तुमच्या कॉलेजातल्या रायफलींवर बहुतेक 'डीपी' कोरलेलं असणार. त्या फक्त कवायतीच्या. डीपी खूण असलेली रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी उडवायला घ्यायची नाही, कारण बऱ्याच वेळा चेंबरला (काडतूस बसतं त्या नळीमागच्या जागेला) भोक पाडून किंवा काडतुसावर ठोका मारणारी फायरिंग पिन काढून ती मुद्दाम निकामी केलेली असते.

कायद्याचं आधी सांगते, कारण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर विषय निघेलच. भारतात .303 आणि 7.62 दोन्ही प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य परवानाधारकाला बंद. तिथे मिळते ती .315 ची स्पोर्टिंग रायफल. म्हणून ही मुंबईला आणायचा विचारही कोणी मनात आणू नये. इथे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असेपर्यंत मलाही ती विकत घेता आली नसती (शिकारीचा परवाना असेल तर अपवाद आहे). ग्रीन कार्डधारकाला येते. दुकानात 4473 नावाचा फॉर्म भरायचा, ओळखपत्र आणि ग्रीन कार्डचा नंबर द्यायचा, मग दुकानदार केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून तपासणी करून घेतो. उत्तर 'पुढे जा', 'थांबा' किंवा 'नाही' असं येतं. या फॉर्मवर खोटं लिहिणं हाच मोठा गुन्हा आहे.

आता रायफल कशी बघून घ्यायची ते. लोक लाकडाच्या चकाकीवर भुलतात. खरं तर लाकूड शेवटी बघायचं. पहिला नंबर जुळवायचा: बोल्टच्या दांड्यावरचा आणि मुख्य भागावरचा नंबर एकच हवा. या रायफलींचा बोल्ट त्या-त्या रायफलीला घासून बसवलेला असतो. दुसऱ्याचा लावला तर बोल्टला जागेवर अडकवणारे दोन्ही लग (उंचवटे) सारखे टेकतीलच असं नाही, आणि मग सगळा दाब एकाच लगवर येतो. नंतर नळी. बोल्ट काढायचा, चेंबरमागे पांढरा कागद धरायचा आणि तोंडाकडून बघायचं. झऱ्या, म्हणजे नळीतल्या वळणदार खाचा, ठसठशीत आणि कडा धारदार हव्यात. थोडी काळपट नळी चालते, पण खड्डे पडलेली आणि तोंडाशी झिजलेली नको. तोंड बहुधा दारूगोळ्यापेक्षा साफ करायच्या सळईने झिजतं.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हेडस्पेसची, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसामागे किती मोकळी जागा उरते याची. ती डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी पोलादी गेज मिळतात. .303 ला काडतुसाच्या कडेवरून मोजतात: 0.064 इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, 0.074 च्या गेजवर होता कामा नये. 7.62 च्या काडतुसाला तशी कड नाही, त्याचं माप काडतूस जिथे निमुळतं होतं त्या खांद्यावरून घेतात, म्हणून गेजचा संचही वेगळा. दुकानात गेज नसतील तर बंदूकसाज्याकडे नेऊन पैसे देऊन तपासून घ्यायचं. इथे कंजुषी नको. जागा जास्त असेल तर पितळी काडतूस ताणलं जातं आणि बुडापासून साधारण सेंटीमीटरभर वर तुटू शकतं, मग गरम वायू तोंडाकडे येतो. वापरलेल्या काडतुसावर त्या जागी चकचकीत वळं दिसलं, किंवा वाकवलेल्या तारेचं टोक आतून फिरवताना खाच लागली, तर ती रायफल त्या क्षणी थांबवायची.

घरी आणल्यावरचं काम मला सर्वांत आवडतं. सैन्य रायफल साठवताना तिला मेणासारखा जाड ग्रीस थापतं, आणि तो चेंबरमध्ये आणि फायरिंग पिनच्या भोकातही जातो. मिनरल स्पिरिट लावून, ब्रशने घासून, पुन्हा पुसून तो काढायचा, पण खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. उघडताना एक क्रम कधीही चुकवायचा नाही: पुढचं लाकूड आधी, दस्ता नंतर. दस्ता धरून ठेवणाऱ्या लांब स्क्रूचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो स्क्रू फिरवला की लाकूड आतून चिरतं. भंगारात निघालेल्या कित्येक चांगल्या रायफली याच घाईने गेल्या आहेत. तसंच, चापाच्या कड्यापुढच्या मोठ्या स्क्रूखाली लाकडात एक छोटी लोखंडी नळकांडी असते. ती हरवली आणि स्क्रू आवळला तर लाकूड चेपत जातं आणि नेम भटकायला लागतो.

लाकडाला सॅंडपेपर अजिबात लावायचा नाही, कारण त्याने शिक्के पुसतात आणि किंमतही. दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री टेकवली की वाफेने लाकूड वर येतं. मग जवसाचं तेल, आई, तुझ्या चटणीच्या जवसाचंच. हाताने चोळायचं आणि जास्तीचं पुसायचं. त्या तेलाची फडकी चुरगाळून टाकायची नाहीत, आपोआप पेट घेऊ शकतात. मी ती पाण्यात बुडवून मग फेकते.

काडतुसं मी नवी, कारखान्यातली घेते. जुनं लष्करी दारूगोळ्याचं खोकं स्वस्त पडतं, पण त्याच्या प्रायमरमधून (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून) बऱ्याचदा मीठ उरतं, पोटॅशियम क्लोराइड. आपल्याकडे जुलैत मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना, तसंच ते हवेतली ओल ओढतं आणि एका रात्रीत नळी गंजवतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी किटलीभर कढत पाणी नळीतून, मग कोरडी फडकी, मग तेल. नुसत्या तेलाने साफ करणारे नेमके इथेच फसतात. खडकीच्या कारखान्याची, के.एफ. शिक्क्याची जुनी .303 काडतुसंही इथे कोणाकोणाकडे दिसतात. ती जपून ठेवायची, उडवायची नाहीत.

रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही; डोळ्यांना चष्मा. काडतूस उडालं नाही तर नळी पुढेच धरून तीस सेकंद थांबायचं, काही वेळा ते उशिरा उडतं. नेहमीपेक्षा मऊ 'फुस्स' आवाज आला तर पुढची गोळी टाकायची नाही, कारण आधीची नळीत अडकलेली असू शकते. गोळ्या उजवीकडे जात असतील तर पुढची माशी (नेम धरायचा नळीवरचा उंचवटा) उजवीकडेच सरकवायची. नवशिका हमखास उलटी सरकवतो. बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या टोकाची पट्टी, धातूची आहे, खांद्याच्या खोबणीत घट्ट धरली नाही तर निळा डाग पडतोच. बोल्ट मात्र लोण्यासारखा चालतो आणि पुढे ढकलताना कॉक होतो, म्हणजे फायरिंग पिन ताणून तयार होते. त्यामुळेच ही जात इतकी वेगात चालते.

आता आईचा प्रश्न. रायफल पोलादी कपाटात, बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या ठिकाणी. बोल्ट मागे ओढून त्याचं डोकं वर उचललं की तो हातात येतो, अर्ध्या मिनिटाचं काम, आणि बोल्टशिवाय ती चालूच शकत नाही. कधीही हातात घेतली तरी आधी मॅगझीन काढायचं, बोल्ट उघडायचा, चेंबरमध्ये करंगळी घालून रिकामं आहे याची खात्री करायची. काल तपासली होती म्हणून आज सोडायचं, असं नाही.

बाबा, तुम्ही येणार म्हणून दोन गोष्टी आत्ताच सांगते. टूरिस्ट व्हिसावर आलेल्याला इथे बंदूक हातात घेणंही कायद्याने बंद आहे, रेंजवरसुद्धा. इथला शिकारीचा परवाना असेल तरच सवलत मिळते. तो काढता येईल का याची चौकशी मी करते, पण हातात येईपर्यंत तुम्ही मागच्या बाकावर. दुसरं, बायफोकलमधून माशी स्पष्ट दिसत नाही. दादरच्या चष्मेवाल्याकडे लांबच्या नंबरात +0.50 किंवा +0.75 वाढवून एक स्वस्तातला एकाच नंबरचा चष्मा करून घ्या, काचा मोठ्या आणि पॉलिकार्बोनेटच्या सांगा.

तुमची,
मेधा